व्हॅस्क्युलरच्या चार्टवर ऑडिटमध्ये सारखे एरर येतात, माझं काय चुकतंय?

तुम्ही बीएचएमएस आहात, अमेरिकन पेशंटच्या चार्टमधल्या आजारांना आयसीडी-१०-सीएम या यादीतले कोड देता, आणि पायाच्या धमन्यांचा आजार समोर ढळढळीत दिसत असतानाही ऑडिटर कोड कापतो, असं तुम्ही लिहिलंय. मी त्याच ऑडिटच्या खुर्चीत बसतो. मला विचाराल तर तुमचं डॉक्टरी शिक्षणच आडवं येतंय. चार्ट वाचता वाचता तुम्ही निदान करून टाकता, आणि कोडरला नेमकी तेवढी एकच मुभा नाही.

एक चार्ट घेऊ. ओपीडीचा पेशंट, टाइप २ डायबेटिस. चालताना पोटऱ्या दुखतात, थांबलं की राहतं. उजव्या टाचेला जखम, एबीआय (घोट्याच्या आणि दंडाच्या रक्तदाबाचं गुणोत्तर) ०.६२. खाली असेसमेंटमध्ये डॉक्टरांनी लिहिलंय फक्त ‘पीव्हीडी, टी२डीएम, उजव्या टाचेचा अल्सर’ (पीव्हीडी म्हणजे पेरिफेरल व्हॅस्क्युलर डिसीज, हातापायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार; टी२डीएम म्हणजे टाइप २ डायबेटिस). तुमच्या डोक्यात लगेच ॲथेरोस्क्लेरोसिस (धमनीच्या आत चरबीचे थर साचणं) येतो आणि हात आय७०.२३४ कडे, म्हणजे टाचेच्या अल्सरसह उजव्या पायाच्या ॲथेरोस्क्लेरोसिसच्या कोडकडे जातो. पण तो शब्द चार्टमध्ये कुठेच नाही. एबीआय ०.९० च्या खाली म्हणजे पायाचा रक्तपुरवठा कमी, हे तुम्हालाही कळतं आणि मलाही, पण आकड्यावरून आजाराचं नाव ठेवायचं काम डॉक्टरांचं.

नुसतं ‘पीव्हीडी’ किंवा ‘पीएडी’ (पेरिफेरल आर्टरी डिसीज) असेल तर कोडच्या यादीचा इंडेक्स आय७३.९ या मोघम कोडवर नेतो. गंमत म्हणजे नुसतं ‘क्लॉडिकेशन’ (चालताना पोटरी दुखणं) लिहिलं तरी तिथेच. इथे मात्र डायबेटिस आहे, म्हणून आय७३.९ सुद्धा लागत नाही. गाइडलाइनमधला ‘विथ’चा नियम डायबेटिस आणि पेरिफेरल अँजिओपॅथी (पीव्हीडी त्यातच येतो) यांचा संबंध गृहीतच धरतो, डॉक्टरांनी संबंध नाही असं स्पष्ट लिहिलं असेल तरच सोडायचं. म्हणजे दोन्ही मिळून एकच कोड, ई११.५१. अल्सरलाही हाच नियम, म्हणून ई११.६२१, आणि जोडीला एल९७ मधला, जखमेची जागा आणि खोली सांगणारा कोड. जखम चरबीपर्यंत गेली आहे हे नर्सच्या नोटमध्ये असेल तर बिनधास्त एल९७.४१२ द्या. अल्सरचं निदान डॉक्टरांचंच हवं, खोली मात्र नर्सच्या नोंदीवरून घेता येते. नवीन मुलं नेमकं उलटं करतात: निदान स्वतः करतात आणि खोली ‘अनस्पेसिफाइड’ सोडतात.

उद्या याच डॉक्टरांनी ‘उजव्या पायाच्या नेटिव्ह आर्टरीचा ॲथेरोस्क्लेरोसिस, टाचेच्या अल्सरसह’ असं लिहिलं (नेटिव्ह म्हणजे मूळची, बायपासने बसवलेली नव्हे), तर आय७०.२३४ खुशाल द्या, ई११.५१ आणि एल९७.४१२ च्या जोडीने. मग क्लॉडिकेशनचा वेगळा कोड लावू नका. आय७०.२ मध्ये चढती भाजणी आहे: क्लॉडिकेशन, रेस्ट पेन (बसल्या जागीही दुखणं), अल्सर, गँगरीन. त्याच पायाला वरची पायरी लागली की खालची त्यातच आली.

ओपीडीत ‘प्रोबेबल’, ‘सस्पेक्टेड’, ‘रूल आउट’ अशा संशयापुरत्या लिहिलेल्या निदानांना कोड नाही, लक्षणच कोड करायचं. ॲडमिट पेशंटच्या डिस्चार्जला ‘प्रोबेबल’ चालतं. हे तुम्हाला क्लासमध्ये घोकून घेतलं असेलच.

शिरांच्या बाजूला खड्डा एकच, ‘हिस्टरी ऑफ डीव्हीटी’ (डीव्हीटी म्हणजे खोल शिरेत झालेली रक्ताची गाठ). गाठ विरघळली, आता पुन्हा होऊ नये म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, तर झेड८६.७१८ (पूर्वीची गाठ) आणि झेड७९.०१ (गोळी चालू). पण गोळी त्याच गाठीवरचा उपचार म्हणून चालू असेल तर ती हिस्टरी नव्हे, मग आय८२.४ की आय८२.५, म्हणजे ॲक्यूट की क्रॉनिक, हे डॉक्टरांनीच सांगायला हवं.

ऑडिटर एवढे का टोचतात? मेडिकेअर ॲडव्हांटेज म्हणजे खासगी कंपन्यांमार्फत चालणारा अमेरिकेचा सरकारी आरोग्य विमा. त्याच्या रिस्क ॲडजस्टमेंटमध्ये (पेशंट जितका आजारी, तितके कंपनीला जास्त पैसे) पूर्वी आय७३.९ ला पैसे होते, एचसीसी १०८ या आजारगटात. नव्या व्ही२८ मॉडेलमध्ये तो कोड उडाला. अल्सर किंवा गँगरीनवाला ॲथेरोस्क्लेरोसिस राहिला. त्यामुळे चार्टमध्ये नसलेला आय७०.२३४ हा नुसता एरर राहत नाही, क्लायंटच्या अंगाशी येतो.

डॉक्टरांना विचारता येतं का, तर हो, क्वेरी (लेखी विचारणा) टाका. पण ‘हा ॲथेरोस्क्लेरोसिस आहे ना?’ असं विचारलंत तर ती लीडिंग, म्हणजे उत्तर सुचवणारी क्वेरी, ती चालत नाही. असं लिहा: ‘एबीआय ०.६२, चालताना पोटरीत दुखणं, उजव्या टाचेचा अल्सर नोंदलेला आहे. पीव्हीडीचं कारण आणि प्रकार कृपया स्पष्ट करावा.’ खाली दोन-तीन वैद्यकीयदृष्ट्या पटणारे पर्याय, शिवाय ‘इतर’ आणि ‘सांगता येत नाही’. पैशाचा किंवा एचसीसीचा उल्लेख त्यात चुकूनही नको.