म्हाताऱ्या माणसांना सरकारने आरोग्य विमा दिला तर देशाचा फायदा होतो की नुसता खर्च वाढतो?

खर्च तर वाढतोच आणि लोकांना वाटतं त्यापेक्षा जास्त वाढतो, पण फायदा आपण जिथे शोधतो तिथे फारसा नसतो, भलतीकडेच सापडतो.

अमेरिकेच्या मेडिकेअरचंच बघा. १९६५ ला कायदा झाला आणि जुलै १९६६ पासून पासष्टीच्या पुढच्या जवळपास सगळ्यांना एकदम विमा मिळाला. एमी फिंकेलस्टाईन या अर्थशास्त्रज्ञ बाईंनी नंतर हिशोब मांडला तर पहिल्या पाच वर्षांत हॉस्पिटलांवरचा खर्च या योजनेमुळे ३७ टक्के वाढलेला निघाला. एकेका माणसाला विमा दिल्यावर तो किती जास्त खर्च करतो यावरून जो अंदाज निघतो त्याच्या हे सहापट आहे! म्हणजे काय, तर एकट्या पेशंटला विमा मिळाला म्हणून कुठलं हॉस्पिटल नवीन मशीन आणत नाही, पण अख्ख्या पिढीचे पैसे नक्की येणार हे कळलं की मशीनही येतं, वॉर्डही वाढतो, नवी हॉस्पिटलं पण उघडतात, आणि मग ते सगळं तरुण पेशंटसाठीही वापरलं जातं आणि बिल सगळ्यांचंच फुगतं.

बरं मग माणसं जास्त जगली का? पहिल्या दहा वर्षांत तरी वृद्धांच्या मृत्युदरात दिसण्यासारखा फरक नाही पडला (फिंकेलस्टाईन आणि रॉबिन मॅकनाइट यांचा अभ्यास). नंतरच्या काळातल्या एका अभ्यासात इमर्जन्सीत आलेल्या गंभीर पेशंटमध्ये ६५ पूर्ण होताच मृत्यू थोडे कमी झालेले दिसतात, तेव्हा अगदीच शून्य असं मी म्हणणार नाही.

पण खिशाचं बघा. ज्यांचा औषधपाण्यावर सगळ्यात जास्त खर्च व्हायचा त्या वरच्या पाव हिश्श्यातल्या म्हाताऱ्यांचा स्वतःच्या खिशातून जाणारा पैसा ४० टक्के कमी झाला. माझ्या मते खरा आर्थिक फायदा हाच, की एका आजारपणात आयुष्यभराची पुंजी धुऊन निघत नाही आणि मुलांपुढे हात पसरावा लागत नाही. हे जीडीपीत कुठे दिसत नाही म्हणून चर्चेतही येत नाही.

आणि खर्च आवरता येतच नाही असंही नाही हं. सुरुवातीला हॉस्पिटल जेवढा खर्च दाखवेल तेवढे पैसे सरकार द्यायचं, मग कोण कशाला काटकसर करेल! १९८३ ला ठरलं की आजार कुठला त्यावर ठरावीक रक्कम मिळणार, आणि लगेच पेशंटना लवकर घरी सोडायला लागले.