बॉटमला शून्य म्हणायचं का तळ?

भाचीने विचारलंय, ती इथं सांगलीत इंजिनिअरिंगला आहे, डोमेन थिअरीच्या, म्हणजे प्रोग्रॅमचा अर्थ गणिताने सांगणाऱ्या विषयाच्या, नोट्स मराठीत काढतेय, तर त्यातल्या बॉटमला 'शून्य' म्हटलं तर चालेल का आणि डोमेनला 'प्रांत'?

शून्य अजिबात नको गं. शून्य हे उत्तर आहे, आणि बॉटम म्हणजे उत्तरच आलेलं नाही, प्रोग्रॅम लूपमधे फिरतच बसला की त्याचा अर्थ बॉटम. पुरात आपण आयर्विन पुलाची पातळी विचारत बसतो ना, आधी काहीच कळत नाही, मग कळतं 40 च्या वर म्हणजे इशारा पातळी ओलांडली, मग 40 ते 45 च्या मधे, मग कुणीतरी नक्की सांगतं 43 फूट. इथं पाणी नाही वाढलं, आपली माहिती वाढली. डोमेनमधला क्रम हाच, कमी माहिती खाली आणि जास्त वर, सगळ्यात खाली 'अजून काही पत्ता नाही'. शून्य फूट हा पण पक्का निरोपच, तो वर 43 च्या शेजारी बसतो.

1969 मधे गणिती डाना स्कॉट यांनी ऑक्सफर्डला संगणकशास्त्रज्ञ क्रिस्टोफर स्ट्रेची यांच्याबरोबर काम करताना ही थिअरी मांडली, आणि रिकर्शनचा, म्हणजे स्वतःलाच बोलावणाऱ्या फंक्शनचा, अर्थ लावताना बॉटमची खरी गरज दिसते. फॅक्टोरियल (5 चं म्हणजे 5×4×3×2×1) स्वतःलाच बोलावतो, 5 चं काढायला 4 चं लागतं, मग सुरुवात कुठून? तळापासून. आधी कुठल्याच आकड्याचं उत्तर माहीत नाही, एका फेरीत 0 चं कळतं, दुसरीत 1 चं, तिसरीत 2 चं, असं वाढत जातं आणि एकदा कळलेलं परत कधी बदलत नाही. तेच सगळी उत्तरं शून्य धरून सुरू केलं असतं तर 5 चं फॅक्टोरियल आधी 0 सांगून नंतर 120 करावं लागलं असतं, म्हणजे दिलेला शब्द फिरवणं.

म्हणून 'तळ'. मला आधी 'थांग' फार आवडलेला, कारण थांग लागणे म्हणजे पाण्याचा तळ लागणे आणि पत्ता लागणे, दोन्ही. पण आपल्याला हवाय न लागलेला थांग, शब्द नेमका उलटा पडतो. नोट्समधे तळ लिही आणि पहिल्यांदा येईल तिथं 'थांगपत्ता नाही' असा अर्थ दे.

प्रांत मात्र नको. फंक्शनच्या डोमेनला तो आधीच वापरतात आणि स्कॉटचा डोमेन म्हणजे माहितीच्या क्रमासकट अख्खा संच, ती गोष्टच वेगळी. त्यात आपल्याकडे प्रांत म्हटलं की दाखल्यासाठी प्रांत ऑफिसलाच जायचंय असं वाटतं. डोमेन तसंच ठेव.