दुसऱ्या फेरीत दम का सुटतो?

प्रश्न : मी फोंड्याचा निवृत्त शिक्षक, वय ६३. मास्टर्स, म्हणजे वयस्कर खेळाडूंच्या स्पर्धांत ८०० मीटर धावतो. तीन वर्षांपूर्वी २ मिनिटे ५५ सेकंद लागायचे, यंदा ३ मिनिटे ५. पहिली फेरी ८२ सेकंदांत, दुसरी १०३. रोज पहाटे ८ किलोमीटर धावतो. ते १२ करू का?

उत्तर : नको, सर. दोन फेऱ्यांत २१ सेकंदांचा फरक! तुमची शर्यत पहिल्या दोनशे मीटरमध्येच खर्ची पडते. बाजूचा गडी पुढे सुटला की राहवत नाही, मला ठाऊक आहे. बांबोळीच्या ट्रॅकवर मीही एकदा असाच उधळलो, आणि ६०० मीटरपाशी मांड्यांना चिरे बांधल्यासारखं झालं. शेवटच्या वळणावर माझ्या पुढून कोण कोण गेलं, ते आठवायला नको. पहिली फेरी ८८ सेकंदांत काढा. दुसरी ९२ लागली, तरी बरोबर तीन मिनिटं होतात.

आता सराव. रोज त्याच संथ चालीनं धावलात तर पाय तीच चाल शिकणार. वयाबरोबर जोर लावणारे स्नायूतंतू आधी झडतात, न वापरले तर आणखी लवकर. म्हणून आठवड्यातून एकदा २०० मीटर सहा वेळा धावा, प्रत्येकी ४४-४५ सेकंदांत, मध्ये तीन मिनिटं चाला. फोंड्यात चढांना तोटा नाही. आणखी एका दिवशी दहा-दहा सेकंद चढावर जोरात जा, उतरताना चालत या. आठवड्यातून दोनदा उठाबशा आणि पोटऱ्यांचे व्यायाम. बाकी दिवशी गप्पा मारता येतील इतकंच धावा. त्याआधी डॉक्टरांकडून हृदयाची तपासणी मात्र करून घ्या.

जोराच्या दोन दिवसांमध्ये निदान दोन दिवस जाऊ द्या. आणि बसून राहिल्यावर एकदम जोर लावू नका, हे मी किंमत मोजून शिकलो. चवथीला आठ दिवस नेवऱ्या खात बसलो आणि नवव्या दिवशी घड्याळ लावून ४०० मीटर मारले. पोटरीत टच्च झालं. दिवाळीपर्यंत पाव विकणाऱ्या पदेराचा भोंपू वाजला की गेटपर्यंत लंगडत जायचो.

एवढं करूनही थोडी घसरण राहीलच. हृदयाचे कमाल ठोके वयाबरोबर उतरतात, त्यावर सरावाचा इलाज नाही. पण मास्टर्सचे गट पाच-पाच वर्षांचे असतात. दोन वर्षांनी तुम्ही ६५च्या गटात जाल आणि तिथे सगळ्यांत तरुण तुम्हीच. तोवर पोटरी जपा.