तलवारबाजीच्या साहसपटांची सुरुवात कुठून करावी?

आपण अशा जुन्या चित्रपटांची लांबलचक यादी मागितली आहे. परंतु आरंभी वीस चित्रपट गोळा करण्यापेक्षा तीनच नीट पाहावेत, असे मी आग्रहाने सांगेन. पहिला १९३८ चा ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’, कारण एरॉल फ्लिन आणि ऑलिव्हिया डी हॅविलंड यांचा प्रणय, टेक्निकलर या रंगीत चित्रणपद्धतीचे झळाळते रंग आणि कोर्नगोल्ड यांचे ऑस्करविजेते संगीत हे सारे त्यात एकत्र भेटते. शेवटच्या द्वंद्वात लढणारे दोघे नजरेआड होतात आणि काही क्षण दगडी खांबावर त्यांच्या प्रचंड सावल्याच तेवढ्या झुंजताना दिसतात. तो प्रसंग जरूर पुन्हा पाहावा. त्यानंतर १९३५ चा ‘कॅप्टन ब्लड’ आणि १९५२ चा ‘स्कारामूश’, ज्यातील नाट्यगृहातले दीर्घ द्वंद्व पार्श्वसंगीताविना रंगते.

नवखे प्रेक्षक सहसा दोन चुका करतात:

- कृष्णधवल चित्रपटाची नंतर रंगवलेली प्रत निवडतात. ‘कॅप्टन ब्लड’ मूळ रूपातच पाहावा; त्यातील छायाप्रकाशाचा खेळ रंगांखाली हरवतो.
- इतिहासातील चुका शोधत बसतात आणि संवादांची चकमक निसटून जाते.

त्याआधीच्या काळातील तलवारबाज नायक डग्लस फेअरबँक्स यांचे मूकपट तूर्त बाजूला ठेवावेत. या तीन चित्रपटांची गोडी लागल्यावर ते अधिक रुचतील.