मटणाचे वेगवेगळे भाग कसे ओळखावेत आणि विदर्भात त्यांना काय म्हणतात?

आपण पुण्याहून बदली होऊन यवतमाळ जिल्ह्यात आलात, इथल्या दुकानातली नावे निराळी वाटतात आणि पिशवी घरी उघडली की सगळे तुकडे सारखेच दिसतात, असे आपण लिहिले आहे. याच जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी तेहतीस वर्षे मटण निवडून, धुऊन शिजवत आले आहे, तेव्हा या प्रश्नावर बोलण्याचा माझा हक्क ते विकत आणणाऱ्या पुरुषांपेक्षा मोठा आहे.

नावांचे आधी उरकते. विदर्भ १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि हिंदीचा वावर आमच्या बाजारात अजूनही आहे, त्यामुळे मांडीला रान, पुढच्या पायाला दस्ती, पाणथरीला, म्हणजे प्लीहेला, तिल्ली असे शब्द सर्रास कानावर येतील. ज्याला आपण पाया म्हणता, ते सावजी भोजनालयात खूर या नावाने मिळते. सीना, गर्दन, गुर्दा हे शब्द तर आपल्याकडेही चालतात. जपायचे ते फक्त ‘बोटी’ या शब्दाला, कारण आपण आतड्याचे आणि वजडीचे तुकडे मनात धरून बोटी मागाल आणि हिंदी बोलणारा खाटीक मांसाचे तुकडे तोडून हातात ठेवील. काळजाचाही घोटाळा आहेच; कवितेतले काळीज धडधडते, पण खाटकाकडची कलेजी म्हणजे यकृत, आणि धडधडणारे हवे असेल तर दिल मागावे लागते.

आता ओळखण्याविषयी. मांसाकडे पाहून काही कळत नाही, हाडाकडे पाहावे. गोल, पोकळ आणि आत मज्जा असलेली नळी पायाची असते. तिच्याभोवती भरगच्च मांस असेल तर ती मांडी. पंख्यासारखे चपटे, पातळ हाड दिसले की तो पुढचा खांदा. ओबडधोबड मणके गर्दनीचे. हाड संपून पांढरी कूर्चा लागते आणि चरबीचे थर दिसतात, तो सीना. बकऱ्याला बरगड्यांच्या तेराच जोड्या असतात, म्हणून एका बकऱ्यावर दिवसभर चाप विकणारा दुकानदार आपल्याला नेमके काय देतो आहे, याचा विचार आपणच करावा.

हाड नसलेल्या भागांची ओळख मात्र मला महागात पडून झाली. आमच्या गावात दुकान नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, दहा-बारा घरे मिळून एक बकरा घेतात, पळसाच्या पानांवर त्याचे हिस्से पाडतात आणि प्रत्येक हिश्श्यात प्रत्येक भागाचा थोडा तरी तुकडा यावा, असा रिवाज आहे. श्रावणभर पाळलेले असते, त्यामुळे त्या दिवशी घरातली पोरे सकाळपासून चुलीभोवती घुटमळतात. आमचा हिस्सा दरवर्षी माझे धाकटे दीर आणत. त्यात कलेजी म्हणून जो तुकडा येई, तो शिजल्यावर वातड आणि कडवट लागे, आणि माझ्या सासूबाई मलाच दोष देत की हिला कलेजी शिजवता येत नाही. हे मी नऊ वर्षे ऐकून घेतले.

दहाव्या वर्षी यजमान दवाखान्यात होते, दीर सकाळपासूनच हिस्से पाडायच्या जागी होते आणि दुपार टळली तरी पान घरी आले नाही, म्हणून डोक्यावर पदर घेऊन मीच तिकडे गेले. बायका तिथे जात नसत. लिंबाखाली पाने मांडलेली होती, आणि थोड्या अंतरावर तीन विटांच्या चुलीवर तव्यात तिखट-मीठ लावलेली कलेजी परतली जात होती. वास गल्लीपर्यंत आला होता. आमचे पान उलगडून पाहिले, तर त्यात एक जांभळट, चपटा तुकडा होता आणि दुसरा फिकट गुलाबी, दाबला की स्पंजासारखा उसळणारा. मी विचारले, कलेजी कुठे आहे? दीर म्हणाले, “हेच तं आहे वहिनी, तुमाले काय समजते त्यातलं!”

हात धुण्यासाठी पाण्याचा गंज भरून ठेवला होता. मी गुलाबी तुकडा त्यात सोडला, तो तरंगला. मग तव्याशेजारच्या ताटलीत परतायचा राहिलेला गर्द तपकिरी, गुळगुळीत, कापलेल्या कडेला धार असलेला तुकडा उचलून सोडला, तो तळाशी गेला. फोपशात, म्हणजे फुफ्फुसात, हवा असते, म्हणून ते पाण्यावर राहते, हे मला शाळेतल्या पुस्तकाने नव्हे, माझ्या आईने शिकवले होते. जांभळट तुकडा तिल्लीचा होता. नऊ वर्षे मी तिल्ली शिजवून कलेजीची बोलणी खात होते. कोणी काही बोलले नाही. एका वयस्कर गृहस्थांनी तव्यातली उरलेली कलेजी बारा पानांवर वाटायला लावली, प्रत्येकी जेमतेम दोन बोटे.

म्हणून आपल्याला माझा सल्ला असा की, मटण आणायला अशा माणसाला पाठवावे ज्याने ते निदान एकदा स्वतः शिजवले आहे. नुसती मांडी मागणारे पुरुष मला अडाणी वाटतात. रश्श्याला दाटपणा येतो तो गर्दनीने आणि सीन्याने, सावकाश शिजवल्यावर. मांडी एकटीच घातली तर तर्री पाण्यासारखी राहते. कलेजी अगदी शेवटी घालावी, दहा मिनिटांपेक्षा जास्त ठेवल्यास तीही वातड होते, आणि माझ्या दिरांनी इतक्या वर्षांत एकदा तरी भांड्याला हात लावला असता, तर त्यांनाही हे कळले असते.

हे सगळे बकऱ्याविषयी आहे. मेंढीची चरबी आणि वास निराळा असतो. शिवाय तालुका बदलला की एखाद-दुसरे नाव बदलते, तेव्हा नाव अडले तर टांगलेल्या बकऱ्यावर सरळ बोट ठेवावे. तिल्ली वाईट असते, असेही माझे म्हणणे नाही, काही जण ती आवडीने भाजून खातात.

आता दर करीला आमचे पान न बांधता उघडेच घरी येते. दीर मात्र अजूनही म्हणतात की, त्या गंजातले पाणीच खारे होते.