‘पुनरुत्थान’मधलं उठणं

आपल्या इंदुरातल्या एका वाचनमंडळात टॉलस्टॉयची १८९९ सालची कादंबरी वाचली जाते आहे. हिंदीत ती ‘पुनरुत्थान’ नावाने मिळते. मंडळातल्या एका ताईंनी विचारलं आहे, “हा शब्द चर्चमधला वाटतो. त्याऐवजी मराठीत ‘पुनर्जन्म’ किंवा ‘उद्धार’ का म्हणू नये? आशय तोच ना?”

ताई, आशय तोच नाही. आणि मला वाटतं, कादंबरीचा सगळा धार्मिक अर्थ या फरकातच आहे.

‘पुनर्जन्म’ चटकन बाजूला ठेवता येतो. त्यात देह बदलतो, नाव बदलतं, मागचं आठवत नाही. इथे तर मागचं आठवणं हाच विषय आहे. नेख्ल्यूदव हा तरुण सरदार आपल्या आत्यांच्या घरी वाढलेल्या कात्यूशाला फसवतो आणि शंभर रुबल देऊन निघून जातो. पुढे ती वेश्यावस्तीत पोहोचते. काही वर्षांनी तिच्यावर विषप्रयोगाचा खटला चालतो, तेव्हा हाच गृहस्थ ज्यूरीत बसलेला असतो. ज्यूरीच्या उत्तरात एक शब्दप्रयोग राहून जातो आणि तिला चार वर्षांची सक्तमजुरी होते. नवा जन्म घेऊन यातून सुटका नाही. त्याच माणसांना, त्याच नावांनिशी, त्याच भूतकाळासकट उभं राहायचं आहे.

‘उद्धार’ मात्र मोहात पाडणारा शब्द आहे. अहल्येची गोष्ट आपल्या रक्तात असल्यामुळे कात्यूशा म्हणजे शिळा आणि नेख्ल्यूदव म्हणजे राम, असं प्रतीक आपण नकळत बसवतो. नेख्ल्यूदवलाही सुरुवातीला असंच वाटतं. तो तुरुंगात जाऊन तिच्याशी लग्न करायला तयार होतो. त्यावर ती संतापून जे सुनावते त्याचा मथितार्थ असा, की या लोकी तू माझा उपभोग घेतलास, आता परलोकही माझ्याच जोरावर साधायचा आहे का तुला? या एका वाक्यात ‘उद्धार’ कोसळतो. उद्धाराला कर्ता एक लागतो आणि कर्म दुसरं. कुणीतरी कुणाचा तरी उद्धार करतो. (गीतेतलं ‘उद्धरेदात्मनात्मानं’ मी विसरलेलो नाही. तिथे कर्ता आणि कर्म एकच आहेत, आणि तो अर्थ या कादंबरीच्या फार जवळ जातो. पण रोजच्या मराठीत तो उरलेला नाही.)

आता ‘पुनरुत्थान’. पुनः अधिक उत्थान. उत्थान म्हणजे उद् आणि स्था, वर उभं राहणं. यातूनच प्राकृतातल्या ‘उट्ठ’मार्गे आपलं साधं ‘उठणे’ आलं. आपण जिला प्रबोधिनी एकादशी म्हणतो, तिला आपले हिंदीभाषक शेजारी ‘देवउठनी ग्यारस’ म्हणतात. तिथे ते उठणं उघड ऐकू येतं. मराठी बायबलमध्ये ‘पुनरुत्थान’ आहे हे खरं, पण शब्द चर्चचा म्हणून परका ठरत नाही. तो आपल्या अंथरुणातून उठण्याइतका घरचा आहे. आणि ‘उठणे’ अकर्मक आहे, हे महत्त्वाचं. हात कुणीही देईल, उठायचं ज्याचं त्यानेच.

याच क्रियापदाची दुसरी बाजूही पाहा. मराठीत आपण म्हणतो, ‘त्याने तिला आयुष्यातून उठवलं.’ म्हणजे तिचा सत्यानाश केला. बायबलच्या मराठीत ‘मेलेल्यांतून उठला’ म्हणजे जिवंत झाला. क्रियापद एकच, कशातून उठायचं, त्यावर नाश की जीवन ते ठरतं. कात्यूशाची कथा मला या दोन ‘उठण्यां’मधली वाटते. मूळ रशियनमध्येही हा खेळ नाही. तो फक्त मराठी वाचकाला लाभलेला आहे.

रशियनचं धन वेगळं आहे. तिथे रविवारचं नाव आणि कादंबरीचं नाव एकच, लेखनात अक्षराचा फरक. कादंबरीतली ईस्टरची रात्र याच शब्दाभोवती फिरते. ‘ख्रिस्त उठला आहे’ म्हणत लोक एकमेकांचं चुंबन घेतात. कात्यूशा नाक झडलेल्या भिकाऱ्याचंही चुंबन घेते, चेहऱ्यावर किळसेची रेघ न उमटवता. आणि त्याच सणाच्या मुक्कामात नेख्ल्यूदव तिला आयुष्यातून उठवतो. बाहेर धुक्यात नदीचा बर्फ तडकत असतो. मंडळात प्रतीकांवर बोलाल तेव्हा याच प्रकरणांपाशी थांबा.

शब्द चर्चमधला, पण लेखक चर्चशी भांडलेला, हेही ध्यानात असू द्या. तुरुंगातल्या प्रार्थनेचं त्याने केलेलं वर्णन धर्मपीठाला बोचलं आणि १९०१ मध्ये त्याला बहिष्कृत करण्यात आलं. त्याला अभिप्रेत उठणं थडग्यातलं नव्हतं, जिवंतपणीचं होतं. शेवटी कात्यूशा नेख्ल्यूदवचा हात नाकारते आणि सिमोन्सन या राजकीय कैद्याबरोबर राहायचं ठरवते. ‘उद्धार’ शीर्षक दिलं तर हा नकार कृतघ्नपणा वाटेल. ‘पुनरुत्थान’ म्हटलं की तेच तिचं उठणं ठरतं.

तेव्हा नाव ‘पुनरुत्थान’च ठेवा. फलकावर लिहिताना ‘रु’ ऱ्हस्व काढा, कारण ‘उत्थान’मधला ‘उ’ ऱ्हस्व आहे. ‘पुनरूत्थान’ आणि ‘पुनरोत्थान’ दोन्ही चूक.