वडिलांना स्वादुपिंडाचा कॅन्सर आहे, पित्तनळी बंद झालीय. डॉक्टर मेटल स्टेंट (पित्ताची वाट उघडी ठेवायला आत घालतात ती बारीक नळी) म्हणतात. प्लास्टिकचा चालणार नाही का? आणि मेटलचा पुढे काढता येतो का?

मेटलचाच घाला. खरं तर उत्तर एवढंच, पण "प्लास्टिकचा चालणार नाही का" हे वाक्य आमच्या घरातही बोललं गेलंय, त्यामुळे जरा लांबण लागणार.

माझ्या आईला हाच आजार होता. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याशी, ऑपरेशनचा टप्पा गेलेला. पित्तनळी बंद झाली की कावीळ होते, आणि कावीळ म्हटलं की लोकांना पिवळे डोळे आठवतात. खाज कुणी सांगत नाही. आईची नखं आम्ही अगदी बारीक कापली होती, तर ती रात्री कंगव्याने तळपाय खरवडत बसायची. बिलिरुबिन, म्हणजे रक्तात साठून कावीळ आणणारं द्रव्य, उतरल्याशिवाय किमो सुरू होणार नव्हती. ईआरसीपीच्या (तोंडावाटे दुर्बीण घालून पित्तनळीत स्टेंट बसवतात त्या प्रक्रियेच्या) आदल्या संध्याकाळी थोरले मामा आले आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता राहिलेत किती दिवस? कशाला महागातला घालायचा?" मामांपुढे आमच्यात कुणी बोलत नाही. मी बोललो. पण बाबा गप्प बसले आणि प्लास्टिकचा ठरला.

खाज थांबली, लघवीचा रंग निवळला, मामा खूश. किमो जेमतेम मार्गी लागली आणि एका रात्री आईला अशी हुडहुडी भरली की पांघरुणावर पांघरूण घालूनही पलंग हलत होता. पित्तनळीत जंतुसंसर्ग. पुन्हा ॲडमिट, पुन्हा ईआरसीपी, किमो लांबणीवर. काढलेला स्टेंट डॉक्टरांनी ट्रेमध्ये दाखवला: रिफिलएवढी नळी, आत काळपट हिरवा गाळ, तोंड पूर्ण बुजलेलं. मग मेटलचा घातला. तो शेवटपर्यंत टिकला.

हे आमच्याच वाट्याला आलं असं नाही. प्लास्टिकची नळी जेमतेम ३ मिलिमीटर रुंद. आतून जिवाणूंचा थर धरतो, त्यावर गाळ बसतो आणि साधारण ३ महिन्यांत ती तुंबते. मेटलचा स्टेंट म्हणजे निटिनॉल या लवचीक मिश्रधातूची नळीसारखी जाळी. जाताना तीही तेवढीच बारीक मिटलेली असते, पण आत उघडून ८ ते १० मिलिमीटर होते. त्यामुळे कितीतरी महिने निभावून नेते. मामांनी एका स्टेंटची किंमत मोजली. दुसरी ईआरसीपी, ॲडमिशन, हुकलेली किमो यांचा हिशेब कुणी करायचा? आयुष्य थोडं उरलं असेल तर प्लास्टिक, असं पूर्वी डॉक्टरही म्हणत. पण युरोपातल्या एन्डोस्कोपी तज्ज्ञांच्या संघटनेची २०१८ची शिफारस अशा रुग्णांसाठी सरळ मेटलची आहे. मी ती छापून मामांपुढे ठेवली होती. चष्मा नव्हता म्हणे त्यांच्याकडे.

काढण्याबद्दल: जाळीवर पातळ कव्हर असलेला काढता येतो, पण तो जागेवरून सरकूही शकतो. उघड्या जाळीचा सहसा सरकत नाही, मात्र गाठ जाळीतून आत वाढते आणि तो सहसा काढता येत नाही. तुंबला तर त्याच्यातच दुसरा घालतात. म्हणून बायोप्सीत कॅन्सर पक्का झाल्याशिवाय उघडा घालू देऊ नका.

आणि हो, तुमच्या वडिलांचं ऑपरेशन लवकर होणार असेल आणि कावीळ फार चढलेली नसेल, तर बऱ्याचदा स्टेंटच लागत नाही. सर्जनला आधी विचारा. अडथळा यकृताच्या तोंडाशी, पित्तनळीला फाटे फुटतात तिथे असेल तर वरचं सगळं जसंच्या तसं लागू होत नाही. स्टेंटने कावीळ उतरते, गाठ तिथेच राहते.

मेटलचाही कधीतरी तुंबतो. थंडी वाजून ताप आला की त्याच रात्री हॉस्पिटल गाठा. "क्रोसिन द्या, सकाळी बघू" म्हणणारं कुणीतरी तुमच्याही घरात असेलच.